नव्या अ‍ॅक्सेसमधली फाइल जुन्या अ‍ॅक्सेसमध्ये उघडेना, वाचनालयाचं काम अडलंय

कपाट नंबर सात

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी आमचं सार्वजनिक वाचनालय आहे, ब वर्गातलं. मी तिथे ग्रंथपाल. देवघेव, सभासद, वर्गणी, अनामत, दाखलनोंद, सगळा कारभार एकाच संगणकावर चालतो. विंडोज एक्सपी, ऑफिस २००३, इंटरनेट नाही. कार्यक्रम (म्हणजे सॉफ्टवेअर) अ‍ॅक्सेसमध्ये, ऑफिसमधल्या डेटाबेसच्या म्हणजे नोंदी सांभाळायच्या साधनात, केलेला आहे. ज्या मुलाने करून दिला तो केव्हाच परदेशी गेला, पण कार्यक्रम कुरकुरत का होईना, चालतो.

या सुट्टीत एक कॉलेजची मुलगी मदतीला आली. जुन्या कपाटांतली बरीच पुस्तकं नोंदवायची राहिली होती. ती फाइलची प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन गेली आणि घरच्या लॅपटॉपवर, नव्या अ‍ॅक्सेसमध्ये, दोन हजारांवर पुस्तकं नोंदवून आणली. मुखपृष्ठांचे फोटो लावले, एका पुस्तकाला दोन-तीन लेखक असतील तर तेही नीट लावले. काम दृष्ट लागण्यासारखं.

आता अडचण. तिची फाइल आमच्या संगणकावर उघडायला गेलं की डेटाबेसचा प्रकार ओळखता येत नाही, असा इंग्रजी निरोप येतो. आमच्या फाइलच्या नावाशेवटी एमडीबी आहे, तिच्या फाइलच्या एसीसीडीबी. नाव बदलून एमडीबी केलं, तोच निरोप. पुतण्या म्हणतो नवा संगणक घ्या. कार्यकारिणीत हा विषय काढला तर दिवाळीपर्यंत फक्त चर्चा होईल. काही उपाय?

दगडू नव्हे दगडूशेठ

नवा संगणक घेतलात की 'जुना कार्यक्रम नव्या संगणकावर चालत नाही' हा धागा काढावा लागेल. तो आत्ताच लिहून ठेवा ताई.

बे एके बे

नाव बदलून उपयोग नाही, कारण फाइल कोणत्या जातीची हे अ‍ॅक्सेस नावावरून ठरवत नाही, आतल्या सुरुवातीच्या बाइटवरून ठरवतं. खात्री करायची असेल तर दोन्ही फाइलींच्या प्रती काढा आणि त्या प्रती नोटपॅडमध्ये उघडा. सेव्ह मात्र चुकूनही करू नका. अगदी पहिल्या ओळीत, अगम्य चिन्हांच्या गर्दीत, काही वाचता येणारी इंग्रजी अक्षरं दिसतील. तुमच्या फाइलमध्ये 'स्टँडर्ड जेट डीबी', तिच्या फाइलमध्ये 'स्टँडर्ड एसीई डीबी'.

जेट आणि एसीई ही आतल्या इंजिनांची नावं. अ‍ॅक्सेस ९७ मध्ये जेट ३.५ होतं, २००० पासून २००३ पर्यंत जेट ४, आणि २००७ साली एसीई आलं, त्याबरोबर एसीसीडीबी हा नवा प्रकार आला. या अक्षरांच्या जरा पुढे एक बाइट असतो, त्यात फाइलच्या पिढीचा आकडा: जेट ३ चा शून्य, जेट ४ चा एक, २००७ चा दोन, पुढच्यांचे त्याहून मोठे. तुमचं २००३ तिथे अनोळखी आकडा बघतं आणि हात वर करतं. हे चांगलंच आहे. आतल्या पानांची रचना समजत नसताना त्यात लिहायला गेलं असतं तर दोन हजार पुस्तकांचा चिवडा झाला असता.

आता उपाय. तुमच्या संगणकावर काहीही करू नका, काम तिच्या लॅपटॉपवर होईल. फाइल मेनू, सेव्ह अ‍ॅज, सेव्ह डेटाबेस अ‍ॅज, आणि तिथल्या यादीतून 'अ‍ॅक्सेस २००२-२००३ डेटाबेस'. नव्या अ‍ॅक्सेसला जुना प्रकार लिहिता येतो. जुन्याला नवा वाचता येत नाही, कारण २००३ साली बाहेर पडलेल्या कार्यक्रमाला २००७ साली काय येणार हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. खाली उतरवायचं काम कायम नव्या बाजूनेच होतं.

सदाशिवपेठी

२००२-२००३ कशाला, थेट ९७ मध्ये सेव्ह करा. मग कुठेही उघडेल.

बे एके बे

कृपया नको. एक तर नव्या अ‍ॅक्सेसमधून ९७ मध्ये सेव्ह करता येत नाही. अ‍ॅक्सेस २०१३ पासून ९७ च्या फाइली उघडणंसुद्धा बंद आहे. २००३ मधून ९७ मध्ये उतरवता येतं, पण मराठीचं वाटोळं होईल. जेट ४ पासून मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, साठतो. ९७ मध्ये विंडोजचं आठ बिटांचं कोडपेज, म्हणजे अक्षरांचा छोटा तक्ता, होतं, आणि देवनागरीसाठी तसं कोडपेज विंडोजने कधी केलंच नाही. युनिकोड मराठी तिकडे गेलं की प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह बसतं, आणि तिथून परतीचा रस्ता नाही.

सदाशिवपेठी

अच्छा. आमच्याकडे ९७ मध्ये मराठी चालायचं म्हणून म्हणालो.

ओवी

ते मराठी फॉन्टचं होतं हो. साठवलेली अक्षरं रोमनच, दाखवताना त्यावर मराठी चित्रं. आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात अशा नोंदींचा डोंगर आहे, म्हणून विचारते: ताई, तुमच्या जुन्या नोंदी कशात आहेत आणि त्या मुलीने कशात टंकलंय?

आणि दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. ती फाइल घेऊन गेली तेव्हापासून वाचनालयात जुन्या फाइलवर देवघेव चालूच असेल ना?

कपाट नंबर सात

@ओवी, देवघेव बंद ठेवून कसं चालेल? सुट्टीत तर पोरांची झुंबड असते. नवे सभासदही झाले. जुन्या नोंदी श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये आहेत. तिने मोबाइलवर टाइप करतो तसं साधं मराठी टंकलं आहे, म्हणजे युनिकोड असणार.

@बे एके बे, तिला फोनवर सांगून सेव्ह अ‍ॅज करायला लावलं. नाही झालं. नव्या प्रकारातच चालणाऱ्या काही सोयी फाइलमध्ये आहेत म्हणून जुन्या प्रकारात सेव्ह करता येत नाही, असा लांबलचक निरोप आला. अटॅचमेंट, मल्टिव्हॅल्यूड फील्ड, कॅल्क्युलेटेड कॉलम, सॉर्ट ऑर्डर अशी मोठी यादी आहे त्यात.

फॉक्सकाका

वाचून जुने दिवस आठवले. साखर कारखान्याच्या संगणक विभागात होतो. ऊस नोंदणी, तोडणी, वजनकाटा, बिलं, सगळं डॉसवरच्या फॉक्सप्रो २.६ या डेटाबेसच्या कार्यक्रमात. मग मुख्य कचेरीत व्हिज्युअल फॉक्सप्रो आलं, आणि तिथून आलेल्या डीबीएफ फाइली शेतकी गट कार्यालयांत उघडेनात. नाव तेच, डीबीएफ. पण पहिला बाइट पाहिला तर जुन्या फाइलीत सोळाच्या पायातला ०३, नवीत ३०. मेमो फील्ड (लांब मजकुराचा रकाना) असलेल्या जुन्या फाइलीत एफ५.

तेव्हाही उपाय नव्या बाजूलाच होता. व्हिज्युअल फॉक्सप्रोमध्ये टेबल उघडायचं आणि 'कॉपी टू' लिहून शेवटी 'टाइप फॉक्स२एक्स' जोडायचं. जुन्या जातीची फाइल तयार. फक्त नव्याने कॉलमना लांबलचक नावं दिलेली असली तर ती दहा अक्षरांवर कापली जायची. 'शेतकरी_नाव' आणि 'शेतकरी_गाव' अशा धाटणीची इंग्रजी नावं कापल्यावर सारखीच दिसायला लागायची, मग आकडे लावून वेगळी करायची. ताई, कॉलमची नावं तपासा. त्या मुलीने ती बदलली असतील तर तुमच्या जुन्या कार्यक्रमाचे फॉर्म त्यांना ओळखणार नाहीत.

दगडू नव्हे दगडूशेठ

सगळा धंदा आहे हो. जुनं चालू दिलं तर नवं कोण घेणार?

मृणाल_टोरांटो

@दगडू, अर्धंच बरोबर. मी एसक्यूएल सर्व्हरवर, मायक्रोसॉफ्टच्याच मोठ्या डेटाबेसवर, काम करते, तिथे तर खाली उतरायची सोयच ठेवलेली नाही. २०१९ चा बॅकअप २०१२ वर रिस्टोअर होत नाही. प्रत्येक डेटाबेसच्या आत एक आकडा असतो: २०१२ चा ७०६, २०१४ चा ७८२, २०१६ चा ८५२, २०१९ चा ९०४. स्वतःच्या आकड्यापेक्षा मोठा आकडा दिसला की सर्व्हर नकार देतो, आणि डाउनग्रेडचा मार्ग उपलब्ध नाही हे निरोपातच लिहिलेलं असतं.

लोक फसतात ते कंपॅटिबिलिटी लेव्हलला. २०१९ वर डेटाबेसची लेव्हल ११० केली की तो २०१२ चा झाला असं वाटतं. नाही होत. त्या लेव्हलने क्वेरी (डेटाबेसला विचारलेले प्रश्न) कशा चालाव्यात एवढंच ठरतं, फाइल आहे तिथेच राहते. दुसरी जागा याहून वाईट. २०१२ ची फाइल नुसती बघायला म्हणून २०१९ ला अटॅच केली, तर त्या क्षणी ती आतून वर चढवली जाते. डिटॅच करून परत जुन्या सर्व्हरकडे नेली तर तो ओळख देत नाही. एका ठिकाणी शुक्रवारी संध्याकाळी कुणीतरी हेच केलं होतं आणि दुसरी प्रत नव्हती. आमचा शनिवार-रविवार स्क्रिप्ट चालवण्यात गेला.

त्या मानाने अ‍ॅक्सेस सभ्य आहे. नवं अ‍ॅक्सेस २००० किंवा २००३ ची एमडीबी उघडतं, त्यात लिहितं, आणि तिला एमडीबीच राहू देतं. कपाटताईंकडे आलेल्या त्या मुलीने फाइल नुसती उघडून नोंदी केल्या असत्या तर हा धागाच निघाला नसता. फोटो लावायची सोय हवी म्हणून नव्या प्रकारात नेली असणार.

शून्यापासून

@मृणाल, म्हणूनच मला एसक्यूलाइट या एका फाइलीत मावणाऱ्या डेटाबेसची पद्धत आवडते. तिथे फाइलच्या सुरुवातीला दोन वेगळे आकडे असतात, एक वाचण्यासाठी, एक लिहिण्यासाठी. लिहिण्याचा आकडा झेपेना पण वाचण्याचा झेपतो, अशी स्थिती असेल तर जुन्या कार्यक्रमाने फाइल फक्त वाचायला उघडायची. म्हणजे निदान तुमचा माल तुम्हाला दिसतो तरी. २००४ साली ३.० आलं, तेव्हापासून मूळ रचना तीच आहे.

तरी तिथेही ठेचा आहेतच. २०१० मध्ये ३.७.० आलं आणि त्यात डब्ल्यूएएल नावाची नोंद ठेवायची नवी पद्धत आली. ती चालू केली की दोन्ही आकडे एकाचे दोन होतात, आणि त्याआधीच्या कार्यक्रमांना ती फाइल डेटाबेस वाटतच नाही. नव्या बाजूने जर्नल मोड परत 'डिलीट' केला की आकडे पुन्हा एकवर येतात, इतकं सोपं. पण टेबलातच नवी सोय वापरली असेल, समजा ३.३१ मध्ये आलेले जनरेटेड कॉलम किंवा ३.३७ मधली स्ट्रिक्ट टेबलं, तर जुना कार्यक्रम रचनाच बिघडलेली आहे म्हणून अडून बसतो.

@दगडू, धंद्याचं म्हणाल तर अटॅचमेंटला खरोखरच आत वेगळी रचना लागते, ती जुन्या इंजिनाला कुठून कळणार? पण क्रमवारी लावायचा नियम बदलला म्हणून अख्खी फाइल जुन्यात सेव्हच होऊ द्यायची नाही, हे मलाही जरा जास्तच वाटतं.

ताई, तुमच्यासाठी एक आडवाट. लिनक्सवर एमडीबी टूल्स म्हणून मोफत साधनं आहेत, ती एसीसीडीबीही वाचतात आणि एकेक टेबल सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फाइलीत, काढून देतात. जावावाल्यांसाठी जॅकसेस आहे. अ‍ॅक्सेस हाताशी नसताना हे उपयोगी.

बे एके बे

तिच्याकडे अ‍ॅक्सेस आहे, मग आडवाट कशाला? आणि सीएसव्हीत मराठीचा आणखी एक सापळा. अ‍ॅक्सेसमधून टेक्स्ट फाइल काढताना 'अ‍ॅडव्हान्स्ड' बटण दाबून कोडपेज यूटीएफ-८ (युनिकोड साठवायचा एक प्रकार) निवडलं नाही तर पुन्हा प्रश्नचिन्हंच. २००३ मध्ये आत घेतानाही तेच निवडावं लागतं.

आता त्या यादीतल्या गोष्टी एकेक काढू. तिच्या फाइलच्या प्रतीवर काम करा.

सॉर्ट ऑर्डर सगळ्यात सोपी आणि सगळ्यात कमी लोकांना माहीत. २०१० पासून नव्या डेटाबेसचा क्रमवारीचा नियम बदलला. ऑप्शन्स, जनरल, 'न्यू डेटाबेस सॉर्ट ऑर्डर' इथे 'जनरल लेगसी' निवडायचं आणि मग 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' चालवायचं. कॉम्पॅक्ट करताना फाइल नव्याने लिहिली जाते, तेव्हा जुना नियम लागतो. नुसतं ऑप्शन बदलून थांबलात तर काहीच होणार नाही.

लेखक हे मल्टिव्हॅल्यूड फील्ड आहे. एका खान्यात तीन नावं दिसतात, पण आत अ‍ॅक्सेसने गुपचूप वेगळं टेबल केलेलं असतं. ते आपण उघडपणे करायचं. क्वेरीत लेखक फील्डच्या नावापुढे टिंब देऊन 'व्हॅल्यू' लिहिलं की एका लेखकाला एक अशा ओळी मिळतात. शेजारी पुस्तकाचा दाखल अंक (दाखलनोंदीतला क्रमांक) घ्या आणि 'मेक टेबल' चालवा. 'पुस्तक_लेखक' असं दोन कॉलमांचं टेबल तयार. एक लक्षात ठेवा: लेखकांची यादी वेगळ्या टेबलातून येत असेल तर व्हॅल्यूमध्ये नावाऐवजी क्रमांक मिळेल, मग ते टेबल जोडून नाव आणा. त्यानंतर मूळ फील्ड काढून टाका.

फोटो अटॅचमेंटमध्ये आहेत. ते बाहेर फोल्डरमध्ये काढायचे. अ‍ॅक्सेसच्या कोडमध्ये अटॅचमेंटच्या फाइल डेटा फील्डला 'सेव्ह टू फाइल' ही आज्ञा आहे. पुस्तकांवरून एक फेरा मारायचा आणि प्रत्येक फोटोला दाखल अंकाचं नाव देऊन सेव्ह करायचं. पंधरा-वीस ओळींचं काम आहे, त्या मुलीला जमेल, अडली तर इथे विचारू द्या. फोटो बाहेर गेल्याने फाइलही हलकी होईल. एमडीबी असो की एसीसीडीबी, अ‍ॅक्सेसच्या फाइलची कमाल मर्यादा २ जीबीच आहे, आणि मोबाइलवर काढलेली मुखपृष्ठं ती भराभर भरतात.

कॅल्क्युलेटेड कॉलम असेल तर काढून टाका, तो हिशोब क्वेरीत होतो.

ओवी

आणि एवढं सगळं झाल्यावर तयार झालेली एमडीबी जुन्या फाइलच्या जागी ठेवू नका! हे मला मोठ्या अक्षरांत लिहायचं होतं. तिच्या फाइलमध्ये सुट्टीतली देवघेव नाही. फाइल बदललीत तर कुणाकडे कोणतं पुस्तक आहे ते गेलं, नवे सभासद गेले, वर्गणीच्या पावत्याही गेल्या.

सभासद आणि देवघेव जुन्या फाइलमधली खरी. नवी पुस्तकं तिच्या फाइलमधली खरी. म्हणजे जुनी फाइल जागेवरच ठेवायची, तिची प्रत काढायची, आणि तिच्या एमडीबीतलं पुस्तकांचं टेबल 'लिंक' करून फक्त नव्या ओळी आणायच्या. क्वेरी विझार्डमध्ये 'फाइंड अनमॅच्ड' आहे, त्याने जे दाखल अंक जुन्या टेबलात नाहीत ते निघतील. तीच क्वेरी 'अपेंड' करायची, म्हणजे त्या ओळी जुन्या टेबलाला जोडल्या जातील.

एकच प्रश्न. सुट्टीत तुम्हीही जुन्या फाइलमध्ये नवी पुस्तकं टाकलीत का?

कपाट नंबर सात

हो. अनुदानातून आलेली दिवाळी अंकांची आणि बालवाङ्मयाची खरेदी नोंदवली, साधारण एक कपाटभर. दाखल अंक रजिस्टरमध्ये आधी हाताने लिहितो, त्यामुळे ते कुठे दोनदा आलेले नाहीत.

ओवी

रजिस्टरला नमस्कार! मग दाखल अंक भरवशाचे. पण टेबलात त्याशिवाय आपोआप वाढणारा क्रमांक असेल, आणि देवघेवीचं टेबल बहुतेक त्याच क्रमांकाने पुस्तक ओळखत असेल. तिच्याकडे आणि तुमच्याकडे तो क्रमांक वेगवेगळ्या पुस्तकांना मिळालेला असणार. अपेंड करताना तो कॉलम घेऊच नका, जुनी फाइल नवे क्रमांक देईल. लेखकांचं टेबल दाखल अंकाने जोडायला बे एके बे यांनी सांगितलं, ते याच कारणाने फार बरं झालं.

बे एके बे

खरं सांगायचं तर मी तेव्हा एवढा पुढचा विचार केला नव्हता, श्रेय तुमचं. आणि ताई, जुन्या फॉर्मवर लेखकासाठी एकच चौकोन असेल. त्यात पहिला लेखक किंवा स्वल्पविरामाने जोडलेली नावं टाका. लेखकांचं वेगळं टेबल शोधासाठी राहू द्या.

सदाशिवपेठी

ताई, एवढा घाट घालण्यापेक्षा अ‍ॅक्सेस २०१० चा रनटाइम (तयार फाइली नुसत्या चालवायची आवृत्ती) त्या एक्सपीवर बसवला तर? मोफत होता तो, आणि एसीसीडीबी उघडतो.

बे एके बे

एक्सपीला सर्व्हिस पॅक ३ असेल तर चालतो, आणि फक्त बघायचं असेल तर वाईट नाही. पण दोन अडचणी. रनटाइममध्ये टेबलांची किंवा फॉर्मची रचना बदलता येत नाही. आणि एकाच संगणकावर दोन अ‍ॅक्सेस नांदायला लागली की दर वेळी एक उघडताना ते 'कॉन्फिगर करत आहे' म्हणत बसतं, कारण दुसऱ्याने मधल्या काळात विंडोजमधल्या नोंदी आपल्या नावावर करून घेतलेल्या असतात. काउंटरवर रांग असताना हे नको. शिवाय ओवी यांनी मांडलेला दोन फाइलींचा प्रश्न त्याने सुटत नाहीच.

फॉक्सकाका

आणि ऑफिस २००७ च्या फाइली उघडायची जी जुळवणी मिळायची, कंपॅटिबिलिटी पॅक, तीही शोधत बसू नका. ती वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंटपुरती होती, अ‍ॅक्सेस त्यात नव्हतं. माझ्या भाच्याने त्यात एक दुपार घालवली आहे.

कपाट नंबर सात

मंडळी, झालं! ती मुलगी आज लॅपटॉप घेऊन वाचनालयातच आली. क्रमाने सगळं केलं. सॉर्ट ऑर्डर बदलून कॉम्पॅक्ट केल्यावर आणि फोटो-लेखक बाहेर काढल्यावर सेव्ह अ‍ॅज एका फटक्यात झालं. एमडीबी आमच्या संगणकावर उघडली, लिंक केली, नव्या ओळी जुन्या टेबलात आल्या. रजिस्टर काढून प्रत्येक कपाटातली काही पुस्तकं ताडून पाहिली, जुळतात. फॉक्सकाका, तिने दोन कॉलमांची नावं खरंच बदलली होती, अपेंडच्या वेळी हाताने जोड्या लावल्या.

एक उरलंय. तिने नोंदवलेली नावं आमच्या संगणकावर चौकोन-चौकोन दिसताहेत. नोंदी बिघडल्या का?

ओवी

चौकोन दिसत असतील तर बहुधा नोंदी शाबूत आहेत. प्रश्नचिन्हं असती तर रडायची वेळ होती. एक्सपीत देवनागरी दाखवायची सोय मुळात असते, पण चालू करावी लागते. कंट्रोल पॅनल, रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स, लँग्वेजेस, आणि तिथे 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'च्या चौकोनात टिक. तो एक्सपीची सीडी मागेल. नंतर संगणक बंद करून चालू करा, मंगल फॉन्टमध्ये दिसेल.

पण आता एकाच टेबलात श्रीलिपीतली जुनी नावं आणि युनिकोडमधली नवी नावं असणार. क्रमवारी लावली की जुनी सगळी रोमन अक्षरांप्रमाणे एका टोकाला जातील. शोधताना एकाच लेखकाची निम्मी पुस्तकं सापडतील. जुन्या नोंदी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणाव्या लागतील, आणि ते काम घाईत होत नाही. जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी यांवर डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं. 'र्‍हस्व' आणि 'ऱ्हास' काय काय रूपं घेतात ते पाहिल्यावर समजेल. त्यासाठी वेगळा धागा काढा, मी येते.

कपाट नंबर सात

सीडी कपाटात होती, टिक केली, दिसायला लागलं! श्रीलिपीचं काम गणपतीनंतर काढते.

आता पुढच्या सुट्टीचं विचारून ठेवते. ती मुलगी पुन्हा येणार आहे. फाइल घरी न्यायचीच असेल तर कशी द्यावी?

मृणाल_टोरांटो

कार्यक्रमाची फाइल द्यायचीच नाही. अ‍ॅक्सेसमध्ये 'डेटाबेस स्प्लिटर' आहे, त्याने टेबलं एका फाइलमध्ये आणि फॉर्म-रिपोर्ट दुसऱ्या फाइलमध्ये जातात, आणि दुसरी पहिलीला लिंक होते. आधी प्रत काढून, प्रतीवर करून बघा. फॉर्म आणि कोड वाचनालयातच राहू देत. ते नव्या ऑफिसमध्ये उघडून परत आणले की कोडमधले संदर्भ कधीकधी नव्या आवृत्तीला चिकटतात, आणि जुन्या संगणकावर 'मिसिंग' म्हणून कार्यक्रम अडतो. टेबलांना ही बाधा होत नाही.

शून्यापासून

त्याहून सोपं: तिला अख्खी टेबलंही देऊ नका. पुस्तकांच्या टेबलाची फक्त रचना असलेली रिकामी एमडीबी द्या. तिने त्यात नव्या नोंदी भराव्यात, परत आली की अपेंड. दाखल अंकांचा एक पट्टा तिच्यासाठी रजिस्टरमध्ये राखून ठेवा, म्हणजे तुमचे आणि तिचे अंक एकमेकांत घुसणार नाहीत. सभासदांचे पत्ते आणि फोन नंबरही बाहेर जात नाहीत.

ओवी

रिकाम्या एमडीबीला माझं अनुमोदन. अंक राखून ठेवायचं मात्र कार्यवाहांना विचारून करा. तपासणीला आलेले लोक दाखलनोंदीत मध्येच मोकळी जागा दिसली की प्रश्न विचारतात. त्यापेक्षा तिने तात्पुरता क्रमांक टाकावा आणि खरा दाखल अंक तुम्ही वाचनालयात द्यावा.

बे एके बे

रिकामी एमडीबी उत्तम. ती तुमच्या २००३ मध्येच तयार करा, म्हणजे प्रकार जुनाच राहील. तिच्या लॅपटॉपवर ऑप्शन्स, जनरल इथे 'डिफॉल्ट फाइल फॉरमॅट' म्हणून 'अ‍ॅक्सेस २००२-२००३' लावून ठेवायला सांगा, नव्याने काही तयार केलं तरी एमडीबीच होईल. आणि एमडीबी उघडलेली असताना टेबलाच्या रचनेत अटॅचमेंट हा पर्याय यादीत येतच नाही, त्यामुळे फोटो लावायचा मोह झाला तरी लावता येणार नाहीत. फोटो फोल्डरमध्ये, तात्पुरत्या क्रमांकाच्या नावाने ठेवायचे. फाइलला पासवर्ड मात्र तिने लावू नये, तो लावायचाच तर परत आल्यावर तुम्ही लावा.